नाण्यांच्या भाषेतलं काही कळत नाहीये, मदत हवी आहे (तातडीने)

गोंधळी_गडी :
आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी नाणी-नोटा सापडल्या. एक जण घ्यायला तयार आहे. तो विचारतोय, "ऑब्व्हर्स-रिव्हर्स पाठवा, मिंटमार्क काय, एक्सएफ की व्हीएफ, नोटेचा इनसेट कुठला?" मला ओ की ठो कळत नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.

टाकसाळ्या :
कुठलं नाणं? साल? फोटो?

गोंधळी_गडी :
जुनं म्हटलं ना. चांदीचं, राणीचं. १८६२.

टाकसाळ्या :
आता कसं! राणीचा मुखवटा ती ऑब्व्हर्स, साल आणि किंमत असलेली रिव्हर्स. १८६२ बघून हुरळू नका, १८७४ पर्यंत तेच साल घालून रुपये पाडत होते. सालाखाली बारीक ठिपके आहेत का, भिंगातून बघा, त्यांवरून नाणं नेमकं केव्हा पाडलं ते ताडतात. एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन) म्हणजे झीज अगदी किरकोळ, झग्यावरची नक्षी स्पष्ट दिसायला हवी. व्हीएफ (व्हेरी फाइन) त्याच्या खालची प्रत. यूएनसी म्हणजे चलनात फिरलेलंच नाही.

चिल्लरसम्राट :
मिंटमार्क म्हणजे नाणं कुठल्या टाकसाळीत पाडलं त्याची खूण, सोपा आहे. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

टाकसाळ्या :
अहो सम्राट, नोएडाची टाकसाळ १९८८ ची. व्हिक्टोरिया तिथे कधी गेली?

चिल्लरसम्राट :
नवशिक्याला सोपं करून सांगत होतो. तुमचं चालू द्या.

माई :
आमचा असाच रुपया काळा पडला होता. चिंचेच्या कोळाने घासला, लख्ख झाला बघा!

टाकसाळ्या :
माई, हात जोडतो! ती काळपट झाक म्हणजे टोनिंग, संग्राहक तिचेच पैसे मोजतात. घासलेलं नाणं लगेच ओळखू येतं.

माई :
मला कुठे विकायचा होता? लक्ष्मीपूजनाला लागतो.

गोंधळी_गडी :
मी काल रात्रीच रांगोळीने घासलंय :(

नोटवाला :
नोटांकडे कुणी बघेल का? नंबराच्या मागे फिकट अक्षर असतं तो इनसेट. आकड्यांच्या आधीचा भाग प्रिफिक्स. मध्ये तारा असेल तर ती छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी घातलेली. आणि एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही शोधत बसू नका, तिथे वित्त सचिवांची असते. माझ्याकडे ७८६ वाल्या (शुभ मानतात तो आकडा) चार आहेत, हव्या तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पंचगंगा :
अवांतर : राणीचं कौतुक पुरे. डब्यात शिवराई आहे का? तांब्याची, एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'.

गोंधळी_गडी :
तांब्याचं एक आहे. राम-सीता, मागे ईस्ट इंडिया कंपनी १८१८. याचेच तो लाखो देणार आहे, फक्त आधी नोंदणीचे ८५० भरायचे.

टाकसाळ्या :
हे आत्ता सांगताय? कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही, ते नंतरचं टोकन, म्हणजे चलन नसलेली नुसती चकती. दमडी भरू नका. नाण्या-नोटांच्या व्यवहारात अशी फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलंय.

गोंधळी_गडी :
दुपारीच भरले हो. बरं, ते ठिपके बघायला भिंग किती पॉवरचं लागेल?