नेमकं एक्स्टेंशन असं शोधा
व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर नीट चालत नसेल तर सगळी एक्स्टेंशन्स (एडिटरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) बंद करून बघा असा सल्ला दिला जातो, तो बरोबरच आहे, पण त्याने दोष एडिटरचा की एक्स्टेंशनचा एवढंच कळतं, नेमकं कुठलं ते नाही. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेट (नाव टाइप करून कमांड शोधायची पट्टी) उघडून ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ चालवा, ते अर्धी बंद करून विंडो परत लोड करतं आणि विचारतं त्रास अजून होतोय का, तुम्ही उत्तर दिलं की संशयितांतली परत अर्धी, म्हणजे ३२ असली तरी साधारण ५ फेऱ्यांत सापडतं. माझ्याकडे मराठी टाइप करताना वेलांटी उशिराने उमटायची, निघालं ते स्पेलिंग तपासणारं एक्स्टेंशन, जे मी वर्षभर उघडूनही बघितलं नव्हतं. आणि बग नोंदवताना हे करून बघितल्याचं जरूर लिहा, नाहीतर समोरून पहिला प्रश्न तोच येतो आणि उगाच दिवस जातात.