सल्ला हवा: इमर्सन आधी वाचू की ब्लाउ?

खडूची_धूळ: एम. ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. सेमिनारला 'सत्ता आणि सामाजिक विनिमय' गळ्यात पडलाय. मॅडमनी रिचर्ड इमर्सन या समाजशास्त्रज्ञाचं नाव दिलं, लायब्ररीत मात्र पीटर ब्लाउ या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाचं जाडजूड पुस्तक हाती लागलं. चाळीस पानांत दमले. विनिमय म्हणजे देवाणघेवाण इतकं कळलं, पण त्यात सत्ता कुठून शिरली? हातात पंधरा दिवस आहेत.

चिंचेखाली: ब्लाउ तूर्त कपाटात ठेवा. इमर्सनचा १९६२ चा लेख काढा, 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मधला. जेमतेम अकरा पानं, पण पेन्सिल घेऊन बसा. गाभा असा: 'अ'ची 'ब'वर सत्ता किती? तर 'ब' 'अ'वर जितका अवलंबून, तितकीच. आणि अवलंबून असणं दोन गोष्टींवर ठरतं: ती वस्तू किती हवीये आणि दुसरीकडे मिळते का. म्हणजे सत्ता माणसाच्या अंगात नसते, नात्यात असते.

खरी मजा पुढे आहे, तोल सावरायच्या चार वाटांत. मी बीडकडचा, म्हणून मला ऊसतोडीची उचलच आठवते, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. टोळीतल्या माणसाने गरज आवरायची, नाहीतर दुसरा मुकादम शोधायचा, नाहीतर सगळ्या तोडणाऱ्यांनी एकी करायची म्हणजे मुकादमाला दुसरीकडे माणूस मिळणार नाही. चौथी वाट म्हणजे मुकादमाला मान देत राहायचं, इतका की त्यालाही तो हवाहवासा वाटावा. 'मालक, मालक' उगाच चालत नाही! (उदाहरण माझं आहे, इमर्सनच्या नावावर खपवू नका.)

पाठपिशवी: इमर्सन गिर्यारोहकही होता. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत तो पश्चिम धारेच्या गटात होता. हॉर्नबाइन आणि अनसोल्ड त्याच धारेने २२ मे रोजी माथ्यावर पोचले. हा पठ्ठ्या तिथेही सोबत्यांना डायऱ्या लिहायला लावत होता. त्याला दिसलं ते असं: कुणी 'जमणार' म्हटलं की दुसरा अडचणी काढायचा, कुणी हाय खाल्ली की दुसरा धीर द्यायचा. शेवट अनिश्चित राहिला आणि त्यामुळेच जोर टिकला. यात सत्तेचा सिद्धांत नाही, पण सेमिनारची सुरुवात झकास होईल.

जुना_वाचक: ब्लाउला इतक्यात निकालात काढू नका हो. १९६४ चं पुस्तक जड आहे हे खरं. पण १९५५ चं नोकरशाहीवरचं घ्या. सरकारी तपासनिसांना अडलं तर साहेबाकडे जायचं असा नियम, पण गेलं की अज्ञान उघडं पडतं. म्हणून ते शेजारच्या टेबलावरच्या जाणकाराला विचारतात. तो वेळ देतो, हे त्याला मोठेपणा देतात. परतफेड करता येत नाही तिथे मान तुकवावी लागते. सत्ता शिरली ती इथून.

चिंचेखाली: @जुना_वाचक, मान्य. पण क्रम इमर्सन, मग ब्लाउ. विनिमयावरचा होमन्सचा १९५८ चा लेख वेळ उरला तर.

खडूची_धूळ: आभार सगळ्यांचे! आणि इमर्सनचा पुढे प्रभाव कुणावर?

गणितवाली: दोन वाटा. एक व्यवस्थापनात: फेफर आणि सॅलन्सिक यांचं १९७८ चं पुस्तक. कंपनीला कच्चा माल किंवा पैसा ज्याच्याकडून येतो त्याचं ऐकावं लागतं, हे सूत्र त्यांनी संस्थांना लावलं. दुसरी कॅरन कुक यांची, त्या इमर्सनच्याच सहकारी. इमर्सन १९८२ मध्ये गेले, विनिमयाच्या जाळ्यांवरचा त्यांचा एकत्र लेख १९८३ मध्ये आला. त्यात एक कोडं आहे: पाच जण रांगेत, प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याशी सौदा करायचा, तोही फेरीला एकच. ताकद कुणाकडे?

खडूची_धूळ: मधल्याकडे ना? दोन्हीकडे रस्ता.

गणितवाली: नाही, दुसऱ्या आणि चौथ्याकडे! टोकाच्यांना त्यांच्याशिवाय कुणीच नाही, म्हणून ते स्वस्तात तयार होतात. मग मधल्यालाही त्याच भावात उतरावं लागतं.

खडूची_धूळ: थांबा, हे वर्गातच करून दाखवते. चॉकलेटं वाटून घ्यायला लावते. तीन मैत्रिणी तयार झाल्यात, अजून दोघी हव्यात. टोकाला बसायला कुणी राजी होत नाहीये.