क्लासिकल की पॉझिटिव्हिस्ट? मायनर पोट्ट्याच्या केसमधे काय लावायचं?

नागपूरचा_एलएलबीवाला
क्रिमिनॉलॉजीचा पेपर आहे. क्लासिकलवाला बेकारिया १७६४ (माणूस विचार करून, मर्जीनं गुन्हा करते), पॉझिटिव्हिस्ट लोम्ब्रोसो १८७६ (शरीर, परिस्थिती त्याला गुन्ह्याकडे ढकलते), सगळं पाठ करून राहिलो, पण खरी केस समोर आली की गाडी अडते. आमच्या वस्तीतल्या सोळा वर्षांच्या पोट्ट्याला मोबाइल हिसकला म्हणून पकडलं, बाप रोजंदारीवर, आठवीतच शाळा सुटलेली. आता यानं ठरवून केलं म्हणायचं की परिस्थितीनं करवलं? आपला कायदा कोणाच्या बाजूनं आहे?

वकीलताई
भाऊ, आधी एक, क्लासिकल म्हणजे कडक असं पेपरात लिहू नको. तेव्हा युरोपात कबुलीसाठी हाल करायचे, शिक्षा जजच्या मर्जीवर, त्याच्याविरुद्ध बेकारियानं लिहिलं. शिक्षा क्रूर नको, गुन्ह्याच्या मापात पाहिजे, पण नक्की आणि लवकर झाली पाहिजे. फाशीलाही त्याचा विरोध होता. फक्त सगळ्यांना एकच माप लावलं, वय अन् वेड नंतर निओक्लासिकलवाल्यांनी (क्लासिकलमधे सुधारणा करणाऱ्यांनी) धरलं. आपल्याकडे सात वर्षांखालच्याचा गुन्हाच होत नाही, सात ते बारामधे समज होती का ते पाहतात, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २० आणि २१.

वस्तीवरचा_मास्तर
लोम्ब्रोसोचं नाव निघालं की माझं डोकं तापते. कैद्यांच्या कवट्या, जबडे, कान मोजून म्हणे जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, १९१३ मधे गोरिंग नावाच्या डॉक्टरनं इंग्लंडच्या हजारो कैद्यांची मापं घेऊन ते खोडून काढलं. पण आपल्याकडे इंग्रजांनी त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ ला, अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या ना! कायदा १९५२ ला गेला, तरी माझ्या वर्गातला एक पारध्याचा मुलगा नवीन माणूस आला की आडनाव सांगताना आवाज बारीक करते. म्हणून पॉझिटिव्हिस्ट म्हणजे मायाळू असंही समजू नका. मला पटते ते शिकागोच्या शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांचं, वस्तीत राहणारे लोक बदलत गेले, एक जमात गेली दुसरी आली, पण पोरांच्या गुन्ह्यांचं प्रमाण त्याच त्याच भागात जास्त राहिलं. म्हणजे खोट रक्तात नाही, वस्तीच्या हालात आहे.

नागपूरचा_एलएलबीवाला
सर हे कोणी शिकवलंच नाही. मग २०१५ च्या जेजे अ‍ॅक्टचं (बाल न्याय कायद्याचं) कलम १५ कुठं बसते?

वकीलताई
दोन्हीकडे. निर्भया केसनंतर लोकांचा राग होता, त्यातून सोळा ते अठराच्या मुलावर हीनस (अतिगंभीर) गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली. पण आधी बाल न्याय मंडळ पाहते की त्याला परिणाम कळत होते का, हा झाला बेकारियाचा प्रश्न, आणि कोणत्या परिस्थितीत केलं, हा पॉझिटिव्हिस्ट बाजूचा. माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नाला अजूनही कमीच वजन मिळते.

तुमच्या वस्तीतल्या पोराला मात्र कलम १५ लागूच नाही. हीनस म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे ते, हिसकावण्याला तर जास्तीत जास्त तीन वर्षं. केस मंडळापुढेच राहील, जामीन हा तिथं नियम आहे, नाकारायला कारण लिहावं लागते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी चौकशीला येईल तेव्हा बापानं कामाचा खाडा पडला तरी घरी थांबावं, आणि शाळेचा दाखला आत्ताच काढून ठेवा, वयाचा पुरावा म्हणून आधी तोच मागतात.