नाजूक पोटाच्या कुत्र्याला ‘सेंद्रिय’ खाद्याने खरोखर बरे वाटते का?

धागाकर्ती (पुणे)

आमच्या गोटूचे, म्हणजे साडेचार वर्षांच्या लॅब्रॅडॉरचे, पोट दीड वर्ष सतत बिघडत होते. शी पातळ, कधी आव पडलेली, रात्री पोटात गुडगुड आणि सकाळी गवत खाऊन पिवळी उलटी, असे चालले होते. जंताचे औषध देऊन झाले, शी तपासून झाली, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी नाही हे कळले. मग ओळखीच्या तिघांनी सांगितले म्हणून आम्ही त्याला सेंद्रिय, धान्यविरहित कोरडे खाद्य सुरू केले. त्याची किंमत आधीच्या खाद्याच्या जवळजवळ तिप्पट होती. चार महिने ते नेटाने चालवले, तरी काडीचा फरक पडला नाही. शेवटी आमच्या पशुवैद्यांनी दोन्ही पिशव्यांवरील घटकांच्या याद्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा दोन्हींत पहिला घटक कोंबडीच असल्याचे दिसले.

त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ‘सेंद्रिय’ हा शब्द कोंबडी कशी वाढवली आणि तिला कोणता दाणा घातला हे सांगतो, पण त्यामुळे तिच्या मांसातील प्रथिन बदलत नाही, आणि ज्या पोटाला तेच प्रथिन सोसत नाही त्याला सेंद्रिय कोंबडीही सोसणार नाही. अन्नामुळे त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दूध १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधले होते. हे सारे रोजच्या खाण्यातलेच पदार्थ आहेत. शिवाय आपल्याकडील २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नासाठी आहे, त्यामुळे कुत्र्याच्या पिशवीवरचा ‘नैसर्गिक’ हा शब्द नेमका किती वजनाचा मानायचा, हा प्रश्न उरतोच.

पशुवैद्यांच्या सांगण्यावरून गोटूला चार आठवडे केवळ उकडलेला मासा आणि रताळे दिले; बिस्किटे, दूध, ताटातले उष्टे सगळे बंद केले. दहाव्या दिवशी शी घट्ट झाली. नंतर मुद्दाम पुन्हा कोंबडी दिली आणि तिसऱ्या दिवशी जुना त्रास परतला.

प्रतिसाद (नाशिक, दोन देशी कुत्र्यांचे पालक)

ताई, गोटूला आराम पडला याचा आनंद आहे, पण आपल्या अनुभवातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्याला बरे वाटले ते घरी शिजवलेल्या, दोनच घटकांच्या, कोणतेही परिरक्षक (अन्न टिकवणारे रसायन) नसलेल्या अन्नाने. म्हणजे आपण ज्याला नाकारता तेच नैसर्गिक अन्न त्याच्या उपयोगी पडले. आपण उल्लेख केलेल्या आढाव्यातील कुत्र्यांचा त्रासही मुख्यतः त्वचेचा होता, पोटाचा नव्हे.

कारखान्यातील खाद्याविषयीचा संशय निराधार नाही. २००७ मध्ये अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये (गव्हातील प्रथिनात) मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेले आढळले, ते खाऊन अनेक कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि कितीतरी नामांकित खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली. एथॉक्सिक्विन हे परिरक्षक वर्षानुवर्षे पशुखाद्यात वापरले जात होते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली. जे आज सुरक्षित म्हणून विकले जाते, त्यावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवावा? आमच्या घरी सहा वर्षे नाचणी, तांदूळ, लाल भोपळा आणि मटण शिजते. दोन्ही कुत्र्यांची पोटे उत्तम आहेत.

प्रतिसाद (कोल्हापूर, पशुवैद्य)

२००७ ची घटना खरी आहे आणि तिने आमच्या व्यवसायालाही पुष्कळ शिकवले. तथापि घरचे अन्न म्हणजे आपोआप पूर्ण अन्न, ही समजूत मला रोज दवाखान्यात भेटते आणि तिची मला काळजी वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी निघाले. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या पिल्लाला नुसता कोंबडी-भात देत राहिले, तर शरीर ते कॅल्शियम हाडांतून काढून घेते. असे वाकड्या पायांचे पिल्लू समोर आले की पालकांनी किती प्रेमाने शिजवले होते हेही दिसत असते, आणि म्हणूनच ते सांगणे जड जाते. चार आठवड्यांच्या परीक्षेसाठी मासा-रताळे प्रौढ कुत्र्याला चालते. तोच आयुष्यभराचा आहार नव्हे.

धान्याविषयीही बोलणे भाग आहे. कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात, हे २०१३ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले आहे, त्यामुळे भात हा त्याचा शत्रू नाही. उलट वाटाणे व मसूर यांवर बेतलेल्या धान्यविरहित खाद्यांचा डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली होती. कार्यकारण सिद्ध झालेले नाही, पण केवळ फॅशन म्हणून धान्य तोडण्याचे कारणही दिसत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरी जिल्हा)

डॉक्टरसाहेब, आपले म्हणणे शास्त्राला धरून असेल, परंतु आमच्या गावात पोटाच्या त्रासासाठीचे औषधी खाद्य मिळत नाही. ते मागवले तर दोन किलोंच्या पिशवीला जे पैसे पडतात, त्यात घरातल्या माणसांचा पंधरवड्याचा बाजार होतो. मासळी मात्र दारात येते. नाचणी आमच्याच शेतातली आहे. तिला शेणखताशिवाय काही घातलेले नाही आणि प्रमाणपत्रही नाही. अशा पालकांना आपण केवळ ‘हे अपूर्ण आहे’ एवढेच सांगितलेत, तर आम्ही करायचे काय?

प्रतिसाद (नाशिक)

याच प्रश्नासाठी मी अंड्याच्या कवचाची बारीक पूड घालतो. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते आणि ती फुकट मिळते. डॉक्टर, कॅल्शियमचा आक्षेप तरी यामुळे दूर होतो की नाही?

प्रतिसाद (कोल्हापूर, पशुवैद्य)

बराच दूर होतो, आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. कवचाच्या पाच ग्रॅम पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते; मात्र प्रमाण कुत्र्याचे वजन आणि अन्नातील मांस पाहून ठरवावे लागते, कारण पिल्लांना ते जास्तही बाधते. जस्त, तांबे, आयोडीन आणि जीवनसत्त्व ड यांची उणीव त्याने भरत नाही.

रत्नागिरीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : मासा काटे काढून, मीठमसाल्याशिवाय उकडावा, सोबत भात किंवा आपली नाचणी द्यावी, आणि जवळच्या पशुवैद्यांकडून वजनानुसार खनिज-जीवनसत्त्वांची पूड लिहून घ्यावी. हे औषधी खाद्याहून पुष्कळ स्वस्त पडते. कांदा आणि लसूण अजिबात नको, कारण त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. माशाच्या कालवणात दोन्ही असतात, तेव्हा उरलेले कालवणही नको. शीमध्ये रक्त दिसले, वजन घटले किंवा उलट्या थांबेनात, तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी तपासणी करावी.

धागाकर्ती

नाशिककरांचा एक मुद्दा मी मान्य करते : तो आढावा त्वचेविषयीचा होता हे मी पहिल्याच वाक्यात सांगायला हवे होते. मात्र गोटूला नैसर्गिक अन्नाने बरे वाटले, हे मला अजूनही पटत नाही. पुन्हा दिलेली कोंबडीही घरीच उकडलेली होती, तिच्यात मीठसुद्धा नव्हते, आणि त्रास तिनेच झाला.

आता मी स्वयंपाकघरात एक वही ठेवली आहे. गोटूने काय खाल्ले आणि शी कशी झाली, एवढेच रोज लिहिते. खनिज-जीवनसत्त्वांची पूड पशुवैद्यांनी लिहून दिली आहे. येत्या सोमवारपासून माशाऐवजी मटण देऊन पाहणार आहोत, बाकी सगळे तसेच ठेवून.