चर्चा: बावला खून खटल्याच्या प्रयोगात प्रेक्षकाला ज्यूरीत बसवावे का?

गिरगावकर:
गेल्या शनिवारी फोर्टमधल्या एका जुन्या दगडी इमारतीत बावला खून खटल्यावरचा प्रयोग पाहिला. खुर्च्या नव्हत्याच; आम्हा चाळीसेक प्रेक्षकांना कंदील दाखवत मजल्यामजल्यावरून फिरवले गेले. 12 जानेवारी 1925 रोजी मलबार हिलवर मोटार अडवून व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि त्यांच्यासोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार करण्यात आले, तो सारा प्रसंग आमच्यापासून हातभर अंतरावर जिन्याच्या वळणावर घडला. अभिनेत्रीच्या गालावरून लाल रंग ओघळू लागला तेव्हा माझ्या शेजारच्या तरुणाने मोबाइल वर केला. शेवटी आम्हाला ज्यूरी, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवणारे नागरिक, मानून प्रत्येकाच्या हाती ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ असे छापलेली चिठ्ठी आली. जी स्त्री इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर यांच्या दरबारातून सुटू पाहत होती, तिच्या जखमेला आपण तिकीट लावले, असे मला वाटत राहिले.

मागच्या रांगेतला:
गिरगावकर, आपला संताप समजतो, परंतु तो चुकीच्या दारात उभा आहे. हा खटला तेव्हाही बंद दालनात चालला नव्हता. उच्च न्यायालयात मुमताजने साक्ष दिली आणि वृत्तपत्रांनी ती घरोघर पोहोचवली. मोटारीतून येणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोहोचले नसते, तर तिला पळवूनच नेले असते. हे पुस्तकात वाचताना आपण पान उलटतो. जिन्यावर मात्र मागे सरायला जागा नसते, आणि अशा प्रयोगाचे सामर्थ्य त्यातच आहे.

सागवानी:
मला मुमताजइतकीच जिन्याचीही काळजी वाटते. (हसू नका.) शंभर वर्षांहून जुन्या सागवानी पायऱ्यांवरून रोज दोन खेळांचे ऐंशी प्रेक्षक अंधारात चढवायचे, वर धुराचे यंत्र लावायचे आणि दिव्यांसाठी चुन्याच्या गिलाव्यात खिळे ठोकायचे, याची परवानगी कोण देते? इमारत हे नेपथ्य नव्हे. नेपथ्य प्रयोगानंतर उतरवता येते.

मागच्या रांगेतला:
खिळ्यांबाबत आपण बरोबर आहात. दिवे स्वतंत्र स्टँडवर उभे करावेत, प्रेक्षक निम्मे करावेत. तरीही कुलूप घालून वाळवीच्या हवाली केलेल्या इमारतीपेक्षा माणसांची ये-जा असलेली इमारत मला अधिक सुरक्षित वाटते.

गिरगावकर:
जिन्याबद्दल तडजोड होईल, चिठ्ठीबद्दल होणार नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील 1959 च्या खून खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मताने आरोपीला निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे जन्मठेप झाली. नेमलेल्या ज्यूरीची ही गत, तर दीड तास कंदिलामागे फिरलेल्या आमच्यासारख्यांची काय कथा? शिवाय बावला प्रकरणातला खरा प्रश्न त्या चिठ्ठीवर नव्हताच. हल्लेखोर पिंजऱ्यात उभे राहिले, तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली; ज्यांच्याकडे सगळ्यांची बोटे होती ते तुकोजीराव होळकर तिथे कधीच आले नाहीत. चौकशीला सामोरे जाण्याऐवजी त्यांनी 1926 मध्ये गादी सोडली.

मागच्या रांगेतला:
मग चिठ्ठी काढून टाकण्याऐवजी तिच्यावर नेमका हाच प्रश्न छापायला सांगा ना! जे न्यायालयाच्या कक्षेत आले नाही ते विचारण्याची मुभा रंगभूमीला आहे. ती न वापरता केवळ पिस्तुलाचे आवाज ऐकवले, हा त्या दिग्दर्शकाचा दोष आहे, प्रकाराचा नव्हे.

गिरगावकर:
तशी चिठ्ठी असती, तर मी ती कोरी टाकली नसती. या वेळी कोरीच टाकली, आणि निकाल वाचताना त्यांनी ती ‘निर्दोष’ या बाजूला मोजली.