ठरावीक गटासाठीच कार्यक्रम शाळेने घ्यावा का?

प्रश्न: एका भाषेच्या, धर्माच्या किंवा दिव्यांग मुलांच्या पालकांनी 'फक्त आमच्यासाठी' स्नेहमेळावा मागितला, तर सभागृह द्यावं का?

उत्तर १: द्यावं, पण निमंत्रणातला 'फक्त' काढा. 'अमुक कुटुंबांसाठी, इतरांचंही स्वागत' एवढं पुरतं. कोण कुठल्या गटातला हे तपासायला दाराशी शिक्षक उभा करू नका. मिश्र घरातलं मूल तिथेच अडकतं.

उत्तर २: वेळ बघा आधी. चालू तासाला नावं पुकारून मुलांना बाहेर काढलं, की त्यांची ओळख वर्गभर जाहीर झाली. दिव्यांगत्व तर खासगी बाब! शाळा सुटल्यावर ठेवा आणि चिठ्ठी सगळ्यांच्याच दप्तरात घाला, म्हणजे कुणाला मिळाली यावरून अंदाज बांधता येत नाही.

उत्तर ३: सभागृहाचा नियम पहिला अर्ज येण्याआधीच लेखी हवा, नाहीतर तो त्या गटासाठीच केल्यासारखा दिसतो. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने, केंद्राचा निधी घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका विद्यार्थी मंडळाला जागा दिली, तर दुसऱ्याला धर्म वा राजकीय मतावरून नाकारता येत नाही. अर्थात, तो मुलांच्या मंडळांपुरता. पालकांचा मेळावा त्यात बसत नाही.

उत्तर २: आणि हजेरीपत्रकात गटाचा रकाना नको.