बुटीबोरीची नोकरी गेली, ईएसआयसीतून खरंच काही भेटते का?

बुटीबोरीवाला: नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत चार वर्षं पॅकिंग मशीनवर ऑपरेटर होतो, पगार 18,000. मागच्या महिन्यात एक लाइन बंद झाली अन् आम्हा अकरा जणांना घरी बसवलं. दर महिन्याला ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, 135 रुपये कटत होते. पोरीच्या डेंग्यूशिवाय कधी काही वापरलं नाही. बेकारी भत्ता भेटते म्हणतात, खरं काय? एचआरवाला म्हणून राहिला, "राजीनामा लिहून द्या, हिशोब लवकर करतो."

मानेवाडा: द्या राजीनामा अन् पीएफ काढा. भत्त्याच्या नादात चपला झिजतील.

हिंगण्याचा फिटर: भाऊ, सही करू नका. मी यातून गेलो आहे.

ईएसआयसीची बेकारी भत्त्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून आहे. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के द्यायचे, 2020 मध्ये 50 केले. नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबायचं, ते 30 केलं. सलग दोन वर्षं विमाधारक पाहिजे. शेवटच्या सहामाहीत 78 दिवसांचं अंशदान (विम्याचा हप्ता) भरलेलं पाहिजे, अन् त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तेवढंच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. पैसे जास्तीत जास्त 90 दिवसांचे, आयुष्यात एकदाच. तुमच्या पगारावर रोजचे 296 धरा, म्हणजे एकूण साडेसव्वीस हजारांच्या आसपास. अर्ज मालकाच्या हातून जात नाही, आपणच ऑनलाइन भरायचा. योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून ईएसआयसीच्या शाखेत आधी विचारा.

गैरवर्तनासाठी काढलं किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर हे भेटत नाही. मग राजीनाम्याचा कागद आपल्या हातानं काहून तयार करायचा? अन् कारखाना बंद किंवा कामगार कपात असेल, तर ईएसआयसीचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे: पहिलं वर्ष रोजच्या कमाईच्या 50 टक्के, दुसरं 25. तिथं दोन वर्षं, इथं तीन महिने! पत्रात "कपात" शब्द पाहिजेच.

माझा अर्ज सव्वा महिना अडकला होता. आधारवर नावापुढं "राव", पासबुकात नाही. तेवढं आजच पाहून घ्या.

मानेवाडा: दोन वर्षांचं मला माहीत नव्हतं. माझा सल्ला वापस.

बुटीबोरीवाला: पासबुक काढलं, माझ्यात "राव" नाही पण आडनावाची वेलांटी चुकली आहे. एचआरला कपातीचं पत्र मागितलं तर म्हणे, "सोमवारी या." पोरीचं औषधपाणी?

हिंगण्याचा फिटर: अटलचे पैसे चालू असेपर्यंत घरच्यांचे उपचारही चालू राहतात. सोमवारी एकटे जाऊ नका, अकराही जण जा.